उघडे टाके

४ ऑगस्ट १९५९, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. माझ्या नोंदवहीत त्या बाईंची पहिली नोंद अशी आहे : ‘दवाखान्याचा ओटा. वय अंदाजे साठ. विणते. हाताकडे पाहत नाही.’ सुयांच्या जागी सायकलच्या चाकाच्या घासून गुळगुळीत केलेल्या तारा, काखेत लोकरीचा गुंडा, आणि नजर समोर, धरणाच्या पाण्यावर. तान्ह्या बाळाची टोपी होती ती. मी विचारले, “कधी पुरी होणार?”

“आधी रडू तर द्या,” त्या म्हणाल्या.

मुळशीत लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि मावशी हे वाक्य कशालाही लावत. एसटी कधी येणार? आधी रडू तर द्या. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस रस्ता करील का? आधी रडू तर द्या. तुमच्याही ओळखीत असे एकाच वाक्यावर आयुष्य काढणारे कोणी असेल. फरक इतकाच, की मावशींच्या वाक्याला मूळ अर्थ होता, आणि तो मला उशिरा कळला.

धरण बांधले जात होते तेव्हा एका इंजिनिअरच्या घरी त्या मूल सांभाळायला होत्या. तिथल्या बाईंनी त्यांना विणायला शिकवले. पुढे मावशींचे गाव पाण्याखाली गेले. विणकाम तेवढे वर राहिले. त्या चालताना विणत, पौडच्या बाजारात भाव करताना विणत, लग्नात अंतरपाटाशेजारी उभ्या राहून विणत. एकदा कीर्तनकारबुवा चिडले, “मावशी, ध्यान कुठं हाय तुमचं?”

“ध्यान तुमच्याकडं हाय, बुवा. हात तेवढे माज्याकडं हायेत.”

बुवांनाही हसू आवरले नाही.

मी विज्ञानाची पदवी घेऊन नवजात बालकांची वजने आणि तापमाने नोंदवण्यासाठी तिथे गेले होते. या नोंदी पुऱ्या झाल्या तर परदेशी शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता होती. मला ती हवी होती. आसपासच्या वाड्यांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला मावशींची टोपी मिळते, हे निरीक्षण मी पहिल्याच महिन्यात केले. टोपी आधीच विणून तयार असे, पण शेवटची ओळ बंद केलेली नसे. उघडे टाके बाभळीच्या काट्यावर अडकवून ठेवलेले असत. बाळ जन्मून रडल्याचा निरोप आला की मावशी ओट्यावर येत आणि सर्वांसमोर टाके बंद करत.

“घरात बसून करा की,” मी म्हटले.

“चार मानसांत केलं म्हंजी चार मानसं बघत्यात. टोपी उगडी व्हती, बाळ आलं, मग मिटली. न आलेल्याच्या डोईचं माप घेऊ न्हाई, बाई.”

माझा आक्षेप निराळा होता. बाळाच्या अंगची ऊब डोक्यावाटे जाते आणि पहिले काही तासच निर्णायक असतात. पाण्यापलीकडच्या वाड्यांतून निरोप होडीने येई, टोपी होडीने जाई. तोवर तिसरा दिवस उजाडे. मी हे त्यांना दोनदा, आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती कौतुकाने पाहिली आणि मान हलवली.

सप्टेंबरात पलीकडच्या एका वाडीतल्या सुनेचे दिवस भरत आले होते. एके दुपारी सुईण तिकडे निघाली. मावशी ओट्यावर नव्हत्या. त्यांची टोपली होती. शाळेत मीही विणकाम शिकले होते. त्या सुनेसाठी विणलेल्या टोपीचे टाके मी पाच मिनिटांत बंद केले, टोपी सुईणीच्या हाती दिली आणि म्हणाले, “मावशींनीच दिलीय. बाळ झाल्याबरोबर घाला.”

बाळ रडलेच नाही. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, असे सुईणीने मला सांगितले. टोपीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे वाक्य मी आजवर कितीदा उच्चारले आहे, याची गणती मी ठेवलेली नाही.

पाचव्या दिवशी त्या सुनेची सासू होडीतून उतरली आणि ओट्यापाशी आली. तिच्या मुठीत टोपी होती. “मावशे, काय केलंस ग हे? आधीच तोंड मिटवून धाडलीस?”

ओट्यावरच्या बाया उठून जवळ आल्या. मावशींनी टोपी घेतली आणि कडेवरून अंगठा फिरवला. त्यांचे टाके सैल असत. ही कड शाळेत शिकवतात तशी घट्ट होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “माजीच टोपी हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. “मी सगळ्यांना खरे सांगते.”

“आन् मग तुमच्या वजनाच्या काट्यावर कोन पोर ठेवंल? तुमाला शिकाया जायाचंय न्हवं?”

“आणि तुमचं काय?”

“माजं काय! हितं भित्तीकडं तोंड करून बी विनता येतं.”

आणखी एकदा आग्रह धरायला हवा होता. मी धरला नाही. मला सुटल्यासारखे वाटले, आणि ते मी कुठेही लिहून ठेवले नाही.

त्यानंतर पोटुशी असलेली बाई दवाखान्यात आली की बरोबरची माणसे हळूच म्हणत, “मावशे, जरा तिकडं बस की.” आठवड्याभरात मावशी ओट्यावर यायच्या बंद झाल्या. दार लोटून घरात विणत. आत डोकावले तर भिंतीला उघड्या टाक्यांच्या टोप्या ओळीने टांगलेल्या दिसत, प्रत्येकीत एक काटा. वाड्यांत बाळे जन्मत होती, रडत होती. मावशींना ते कुणी कळवत नव्हते. मीही नाही. माझ्या नोंदी मात्र नियमित चालू होत्या. एकाही घराने मला बाळ द्यायला नकार दिला नाही.

आज, इतक्या वर्षांनी, प्रयोगशाळेत तराजूचे पारडे स्थिर होण्याची वाट पाहत असते, तेव्हा पाठीमागे तारेवर तार घासल्याचा बारीक आवाज येतो. मी वळून पाहत नाही. तिथे खिडकी आहे, हे मला ठाऊक आहे.

मुळशी सोडली त्या जानेवारीच्या सकाळी जमीन दवाने ओली होती. शेवटची नोंद मावशींच्या घरापासून चार दारे सोडून होती : मुलगी, आदल्या संध्याकाळी जन्मलेली, जन्मताच खणखणीत रडलेली. तिला छातीशी घट्ट धरून पांघरूण घ्यायला मी आईला सांगितले. नंतर रस्त्यावर उभी राहिले. मावशींच्या लोटलेल्या दाराशी जाऊन ‘मुलगी झाली, रडली’ एवढे सांगायला एक मिनिट लागले असते. वळणावर एसटीचा भोंगा वाजला. मी पिशवी उचलली आणि बसमध्ये, मांडीवर वही ठेवून, ओळ पुरी केली :

डोके उघडे. काखेतील तापमान ९४.२.