काटा खराब निघावा म्हणून

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता, असं मला स्वच्छ आठवतं. कुसुमला, म्हणजे माझ्या पत्नीला, तो पार तळाशी गेलेला आठवतो. तिच्या उजव्या डोळ्याला तेव्हा धड दिसत नव्हतं आणि मी चौतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. त्यातही मापनातल्या चुका हा माझा आवडता धडा! तरी आमच्यापैकी बरोबर कोण, यावर मी पैज लावणार नाही.

गॅरेजच्या गोष्टी कधी एकट्यादुकट्या येत नाहीत. गाडी होईपर्यंत माणूस बसतो, बसला की बोलतो आणि गाडी जुनी असली की वरचेवर बसावं लागतं. नागपूरच्या मनीषनगरात वासुदेवभाऊंचं गॅरेज होतं. एका भंगार जीपची मागची सीट तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली. त्या सीटवर रोज सकाळी ठवकर नावाचे गृहस्थ असत. वाडीला एका ट्रान्सपोर्टात तीस वर्षं ट्रक चालवून आता मुलाकडे राहायला आलेले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, फक्त गॅरेजची सवय होती. तिसरा मी.

माझी गाडी तेव्हा नऊ वर्षांची होती. कुसुमच्या डोळ्यात दर महिन्याला धंतोलीत इंजेक्शन घ्यावं लागे. तारीख चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नेमकी त्याच वर्षी गाडी पेट्रोल संपून रस्त्यात बंद पडायला लागली. मी म्हणे, काटा खराब आहे. पुण्याहून आमची मुलगी मृणाल फोनवर हे ऐकून घेई आणि गप्प राही. तिचं ते गप्प राहणं मला कळत होतं. काटा खराब नसेल, तर मी पेट्रोल भरायला विसरत होतो.

म्हणून त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. काटा खराब निघावा!

*

पहिल्यांदा बंद पडली ती अजनी चौकाच्या जरा अलीकडे. वेळ सकाळी साडेदहाची, मागे हॉर्नचा कल्लोळ. ट्रॅफिकचा हवालदार आला.

"काका, पेट्रोल हाय का?"

"काटा अर्ध्यावर आहे," मी म्हणालो.

"काटा सोडा ना. टाकीत हाय का?"

टाकीत डोकावण्याची सोय नसते, म्हणून तर काटा दिलेला असतो, हे मी त्याला नीट समजावून सांगायला लागलो. त्याने निम्मं ऐकलं.

"गाडी काट्यावर चालते का पेट्रोलवर?"

आतून कुसुम म्हणाली, "अहो, हे फिजिक्सचे प्रोफेसर आहेत!"

"हां, मंग बरोबर!" असं म्हणून त्याने गाडी ढकलायला दोघांना हाक मारली.

आम्ही ऑटोने दवाखान्यात पोचलो. वीस मिनिटं उशीर झाला, पण इंजेक्शन मिळालं. परत येताना मी ऑटोवाल्याच्या मीटरकडेही संशयाने बघत होतो.

*

वासुदेवभाऊंची तपासायची रीत वेगळी. त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. "सर, उतरा," म्हणाले. मग ते आणि ठवकर गाडीच्या मागच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि पाळणा हलवावा तशी गाडी हलवायला लागले. वासुदेवभाऊंनी कान पत्र्याला लावला.

"सहा लिटर," ते म्हणाले.

मी घरून मोजून पाच लिटर टाकून आणलं होतं आणि आधीचं तळाशी थोडं असणार. म्हणजे उत्तर जवळजवळ अचूक! माझ्यातला मास्तर जागा झाला. "भाऊ, यात प्लस-मायनस किती धरायचं?"

"सर, प्लस-मायनस तुमच्या कॉलेजात. माह्या इथं कान हाय."

मग त्यांनी चावी फिरवली. काटा उठला आणि पाच-सहा लिटरला जिथे थांबायला हवा, बरोब्बर तिथे थांबला.

"काटा तर चालून राहिला, सर."

"इथे चालतो. रस्त्यावर चालत नाही."

ठवकर म्हणाले, "पेशंट डॉक्टरसमोर कुठं खोकलते गा!"

मला त्या वाक्याचा फार आधार वाटला. घरी येऊन मी ते कुसुमला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "सांगितलंत मघाशी."

*

तरी मी सोडलं नाही. वायर तपासायची असा आग्रहच धरला. टाकीत एक फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगणारा. तो खालीवर झाला की काटा खालीवर होतो. मागची सीट उचलली की टाकीच्या झाकणावर त्याची वायर दिसते. ती काढून गाडीच्या पत्र्याला टेकवायची. काटा झटकन उडाला तर काटा आणि वायर ठीक, दोष असलाच तर फ्लोटमध्ये. नाहीच उडाला तर काटा खराब. मला तेच हवं होतं.

वासुदेवभाऊ मागे वाकले. मी पुढे, नजर डॅशबोर्डवर.

"सर, टेकवली. काटा गेला का?"

"नाही!"

"आता?"

"नाही!"

"आता तं जायलेच पाहिजे!"

"भाऊ, तसूभर हलला नाही!" माझा आवाज आनंदाने चढला होता. हे म्हणजे काटा खराबच!

पंधरा मिनिटांनी ठवकर सीटवरून उठून आले, खिडकीतून आत वाकले आणि थोडा वेळ माझ्या नजरेच्या रेषेत पाहत राहिले.

"सर," ते हळूच म्हणाले, "तुम्ही पाहून राहिले तो इंजिनच्या गरमीचा काटा हाय."

पेट्रोलचा काटा पलीकडे होता. तो दर वेळी उडत होता म्हणे.

*

ठवकरांच्या मते मी नसत्या गोष्टीची काळजी करत होतो. "तीस वर्षांत एका ट्रकचा काटा चालला नाही, सर. काटा म्हणजे देवळातला देव. येता-जाता नमस्कार करायचा, काही विचारायचं नाही!"

"मग डिझेल किती आहे ते कळायचं कसं?"

"बांबू. टाकीत बुडवायचा, किती ओला झाला ते पाहायचं."

एकदा अमरावतीहून येताना ती काठी त्यांच्या हातून सुटली आणि टाकीत पडली. ती काही निघेना. मग ते तसेच वाडीपर्यंत आले.

"बिनकाठीचे? भीती नाही वाटली?"

"भीती कशाची? वळणावर काठी टाकीत खडखड वाजे. जोरात वाजली का समजायचं, डिझेल कमी झालं!"

मी हे वहीत लिहून घेतलं. पद्धत म्हणून ती काही चूक नव्हती.

*

मग दिवा लागायला लागला. काट्याशेजारचा तो पिवळा, पेट्रोल संपत आल्याचा. मी म्हणालो, पेट्रोल तर भरलंय, म्हणजे आता दिवाही बिघडला. दिवा लागला की माझी नजर रस्त्यावरून उठून त्याच्यावर जाई आणि तिथेच राही. वर्धा रोडवर एकदा पुढच्या सिटी बसला गाडी लागता लागता वाचली.

कुसुमने कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

"आता समोर बघा," ती म्हणाली.

वासुदेवभाऊंनी दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "ठवकरभाऊ, या हो इकडं! वहिनीनं दिव्याले सौभाग्यवती करून टाकलं!"

त्या महिन्यात गाडी धंतोलीच्या गल्लीत बंद पडली, पण दवाखान्यातून बाहेर निघाल्यावर. डोळ्यावर पट्टी बांधलेली कुसुम म्हणाली, "या वेळी इंजेक्शन झाल्यावर पडली. सुधारणा आहे."

*

पुढचं सांगताना मला अजूनही जरा अवघड होतं, पण किस्सा म्हणून चांगला आहे.

मी वही ठेवली होती. तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल भरलं की 'भरलं' असा शेरा. आता मला वहीच्या बळावर काट्याला खोटं पाडायचं होतं. बुधवारी शेरा होता, 'भरलं', खाली दोन रेघा. शुक्रवारी भाजी आणायला निघालो तर गाडी फाटकातून बाहेर पडताच बंद!

वही घेऊन मी पंपावर गेलो. तिथला माणूस मला ओळखतो. त्याला म्हणालो, "बुधवारी मी आलो होतो ना?"

"आलते ना सर."

"भरलं होतं ना?"

"भरलं ना! चारी चाकात हवा भरली. तुम्ही स्टेपनीत पण भरायले लावली. पेट्रोलचं विचारलं तं म्हणले, झालं."

हे मी गॅरेजमध्ये रंगवून सांगितलं. ठवकर मांडीवर थाप मारून हसले. "हवेवर चालणारी गाडी! सर, तुमचं पेटंट!" मीही हसलो. वासुदेवभाऊ मात्र हसले नाहीत. हात पुसत उभे राहिले आणि वही मागून घेऊन ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं.

कुसुमने रात्री मृणालला फोन केला. पुढच्या आठवड्यात ती नागपुरात होती.

*

मृणाल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, गाडी विकून टाकू. आईला कॅबने नेत जा," एवढंच म्हणाली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. कॅब वाईट नसते, हे मलाही कळतं. पण किल्लीच्या मागोमाग काय काय हातातून जाईल याची यादी माझ्या डोक्यात तयार होती. पहिलं बँकेचं चेकबुक.

"निदान एकदा वासुदेवभाऊंना विचार," मी म्हणालो.

ती मला घेऊन गॅरेजमध्ये गेली. गाडी तिनेच चालवली. उतरल्याबरोबर विचारलं, "भाऊ, मला खरं सांगा. काटा खराब आहे, की बाबा विसरतात?"

असा प्रश्न माणसासमोर विचारू नये. ठवकर एकदम पेपर वाचायला लागले.

वासुदेवभाऊ म्हणाले, "खोलल्याबिगर कसं सांगू, ताई? एक घंटा द्या. तुम्ही समोर चहा घ्या. इथं पेट्रोलचा वास लागते."

तासभर आम्ही बापलेक समोर बसलो. चहा दोनदा झाला. मृणाल फोन बघत होती, मी गॅरेजकडे. आत मागची सीट उचललेली दिसत होती आणि वासुदेवभाऊंची पाठ. शेवटी त्यांनी हात करून बोलावलं.

"फ्लोट गेलता, ताई. सर बरोबर होते. नवा टाकला."

मृणालने विचारलं, "जुना कुठे आहे?"

वासुदेवभाऊ क्षणभर थांबले. तेवढ्यात ठवकर पेपरामागून म्हणाले, "तो तं भंगारवाला आत्ताच घेऊन गेला ना गा! चौकातून वळलाही असन!"

"पण एक पथ्य हाय, सर," वासुदेवभाऊ माझ्याकडे वळले. "नवा फ्लोट नाजूक. टाकी रिकामी राहिली का सुकते, आणि सुकला का अडकते. त्याले कायम बुडवून ठेवायचा. दर शनिवारी टाकी फुल करायची आणि इकडं येऊन मले दाखवायची. एक शनिवार चुकला तं माही गॅरंटी नाही."

"शनिवारी नाही आले तर?" मृणालने विचारलं.

"मी घरी येईन."

तिने पर्समधून किल्ली काढली. लगेच दिली नाही. एकदा वासुदेवभाऊंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग माझ्या हातात ठेवली.

मी इतका हलका झालो होतो की फ्लोट का सुकतो हे मीच त्यांना समजावून सांगितलं. सूक्ष्म छिद्रं, बाष्पीभवन, पृष्ठताण, सगळं. जमिनीवर खडूने आकृतीही काढली. दोघं मान हलवत होते. ठवकर म्हणाले, "हे असं कोणी समजावलंच नव्हतं आपल्याले!"

मग सहा वर्षं मी एक शनिवार चुकवला नाही. टाकी फुल करून गॅरेजमध्ये जायचं. वासुदेवभाऊ शेजारी बसून चौकापर्यंत एक चक्कर मारायला लावत. "फ्लोट बसला का पाहू," म्हणत. काट्याकडे ते फारसे बघत नसत, समोर रस्त्याकडे आणि स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत. गाडी पुन्हा एकदाही बंद पडली नाही. कुसुमच्या इंजेक्शनची एकही तारीख चुकली नाही. मृणाल फोनवर आधी फ्लोटची चौकशी करी, मग माझी.

मागच्या वर्षी वासुदेवभाऊ गॅरेज बंद करून काटोलकडे आपल्या गावी गेले. गाडीची पंधरा वर्षंही भरत आली होती. वाडीला भंगारात द्यायला मी स्वतः चालवत नेली. तिथल्या माणसाने टाकी उतरवली तेव्हा मी म्हणालो, "तेवढा फ्लोट मला काढून द्या. सहा वर्षांपूर्वी नवा टाकला होता, फार चांगला चालला."

तो झाकणाशी बराच वेळ झटला. "नवा? काका, हे झाकण कंपनीतून आलं तसंच हाय. आजपर्यंत कोणी खोललंच नाही," तो म्हणाला आणि फ्लोट पुसून माझ्या हातावर ठेवला.

फ्लोट प्लास्टिकचा होता. पोकळ, सगळीकडून बंद. बाजूला साल कोरलेलं होतं, माझ्या गाडीचंच.