आम्ही चौघं पेशंट

मोसंबीचा ट्रक सकाळी निघणार होता, तो निघाला उन्हं कलल्यावर. तोवर माझा निरोप दोनतीनदा घेऊन झाला होता. माय दर वेळी नव्यानं रडायची. ड्रायव्हर काहीतरी ठोकायला पुन्हा चाकाखाली शिरला की डोळे पुसायची आणि धपाट्यांचं गाठोडं सोडून पुन्हा आवळून बांधायची. शेवटी ट्रक खरंच सुरू झाला तेव्हा तिचं रडणं संपलेलं होतं. ती नुसती म्हणाली, "जाय बाबा आता. जल्दी जाय, न्हाईतर हा पुन्हा बंद पडंल."

अप्पा सकाळपासून काही बोलले नव्हते. मी केबिनमध्ये चढलो तेव्हा फळीवर हात ठेवून म्हणाले, "बराबर राह्य. कोणाच्या अंगावर जाऊ नको." मी पुण्याजवळच्या कारखान्यात चाललो होतो तो कबड्डी खेळायला. लोकांच्या अंगावर जाण्यासाठीच मला नोकरी मिळाली होती. पण हे अप्पांना तेव्हा कोण सांगणार? मी मान हलवली.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आपल्या तीर्थपुरीच्या बाजारात माझं नाव लोकांना माहीत होतं ते चढाईमुळं. समोरच्या अंगणात शिरायचं, एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत गडी शिवायचा आणि वाऱ्यासारखं परत यायचं, एवढंच मला आयुष्यात चांगलं जमत होतं. त्यावर कारखान्यानं मला हंगामी कामगार म्हणून घेतलं. दिवसा मशीनवर काम, संध्याकाळी सराव. दुसऱ्या वर्षाअखेरच्या स्पर्धेत संघ चमकला तर आम्ही कायम होणार होतो, नाहीतर बिऱ्हाड आवरायचं. असं कोणी लिहून दिलेलं नव्हतं, पण संघाचे साहेब ते येताजाता सांगायचे.

आपल्या जिल्ह्याचे आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. कप्तान भीमभाऊ टेंभुर्णीचा. वयानं मोठा, लग्न झालेला, बायको गावी. आवाज असा की शेजारची खोली आपोआप गप्प व्हायची. बाळू शहागडचा. त्याच्या वडिलांचं हायवेला चहाचं दुकान होतं, त्यामुळं रस्त्यानं जाणारा दर तिसरा ट्रक त्याला ओळखीचा वाटायचा. आणि सुखदेव. त्याच्या घरी मेंढरं होती. भाकरी थापताना तो बापाकडून ऐकलेली ओव्यांची गाणी म्हणायचा. आवाज गोड होता, भाकरी मात्र एकही गोल नसायची. तुम्ही गावात राहिलेल्या मंडळींनी आमची ती खोली बघितली असती तर तुम्हाला आमची कीव आली असती. आम्हाला मात्र ती आवडायची. नळाला पाणी यायचं, दिव्याला बटण होतं, आणि रविवारी हॉटेलात इडली खाता यायची. इडलीचं आम्हाला फार कौतुक.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरला आणि मला काहीतरी व्हायला लागलं. काय, ते आजही मला नीट सांगता येत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी टाकून बोललं नव्हतं, प्रेमबिम तर दूरच. नुसतं सगळं जड झालं. अन्न जड, अंथरूण जड, स्वतःचं नाव ऐकलं तरी मान वळवायला जड. खोलीत हसणं चालू असायचं आणि मला ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मला वाटलं, गावाची आठवण येत असेल. दिवाळीत गावी आलो. तिथंही तसंच वाटलं, तेव्हा मात्र मी घाबरलो.

खेळात त्याचं जे झालं ते सांगतो. कबड्डीत गडी बाद झाला की रेषेबाहेर जाऊन बसतो. आपल्या संघानं समोरचा एक मारला की बसलेल्यांपैकी पहिला उठून आत येतो. सगळ्या गड्यांना बाहेर बसणं नकोसं असतं. मला तेवढंच हवंसं झालं. तिथं कोणी काही मागत नव्हतं. मी चढाईला जायचो, दम चालू ठेवायचो आणि कोपऱ्यातल्या गड्याच्या हातात पाय द्यायचो. बघणाऱ्याला वाटायचं, पकडला गेला. मी आपला बाहेर जाऊन गुडघ्यात मान घालून बसायचो. मग बाळू किंवा भीमभाऊ जिवावर उदार होऊन एखादा गडी मारायचा, सगळे ओरडायचे, "दत्ता, ऊठ." मला त्यांचा राग यायचा. माझ्यासाठी ते रक्तबंबाळ होत होते आणि मला त्यांचा राग येत होता.

ते तिघं हळूहळू बदलले. माझ्या वाट्याच्या चढाया बाळू करू लागला. तो पकडीचा गडी, चढाई त्याचं काम नव्हे. त्यात त्याचा गुडघा सुजला, तर हळद लावून तसाच खेळायचा. सुखदेवची गाणी बंद झाली. भीमभाऊ सगळ्यांवर ओरडायचा, फक्त माझ्यावर ओरडायचा नाही, आणि ते मला जास्त लागायचं. एकाच्या अंगातला जडपणा चौघांच्या ताटात उतरला होता.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझं पोट तपासलं, जीभ तपासली आणि शहरातल्या एका बाईंचं नाव दिलं. मनाच्या डॉक्टर. त्या काळी आपल्याकडं त्याला सरळ वेड्याचा डॉक्टर म्हणत. मी खोलीवर येऊन सांगितलं, मी जाणार नाही. कोणी बघितलं, तीर्थपुरीपर्यंत बातमी गेली, तर माझ्या बहिणीचं लग्न जमायचं नाही.

भीमभाऊनं भाकरीचा घास खाली ठेवला. "एकटा कशाला जातो? चौघंबी जाऊ. चौघं बसलेलं बघून कोणाला कळणारे कोण येडा आन् कोण शहाणा?"

"बिलकुल," बाळू म्हणाला. "मला बघून तर कोणी दुसऱ्याकडं बघणारच न्हाई."

म्हणजे बघा, साधा हिशेब. मैदानात समोरचा गडी अंगावर आला की आम्ही एकमेकांचे हात धरून साखळी करायचो, कुठला हात कुणाचा ते त्याला कळू द्यायचं नाही. हीच युक्ती दवाखान्यात चालेल असं त्यांना वाटलं. रविवारची इडली बुडवून आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. बाकावर ओळीनं बसलो. टेबलावरच्या सिस्टरनं विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," भीमभाऊ म्हणाला.

"मीबी," बाळू म्हणाला.

सुखदेवनं नुसता हात वर केला. मग मीही केला.

सिस्टरनं आमच्याकडं जरा वेळ बघितलं आणि निमूटपणे चौघांचे केसपेपर केले. इथं आमची युक्ती फसली. नाव घातलं की आत जावं लागतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आतून पहिली हाक आली ती भीमभाऊला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू पंचानं चुकीची शिट्टी वाजवली आहे आणि आता काही करता येत नाही. मग उठला आणि आत गेला.

आम्हाला वाटलं, गैरसमज झाला म्हणून सांगेल आणि बाहेर येईल. तो येईना. घड्याळाचा काटा फिरत राहिला. बाळू म्हणाला, "काय करून राह्यलाय हा आत?" शेवटी भीमभाऊ बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. एवढा मोठा माणूस, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि कोणाकडं न बघता कोपऱ्यात बसला. मग बाळू गेला. तो हसत गेला आणि नाक ओढत आला. सुखदेव सगळ्यात जास्त वेळ आत होता.

आत काय झालं ते त्यांनी मला पुढं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. भीमभाऊला वाटायचं की आपलं वय झालं, गुडघे गेले, हे साहेबांना कळायच्या आत आपण कायम झालो नाही तर बायकोला काय तोंड दाखवायचं. हे त्यानं बायकोला तर नाहीच, देवालाही सांगितलं नव्हतं. बाळूची आई तो सरावाला गेलेला असताना वारली होती. तेव्हा लोकांनी त्याला मोकळेपणी रडू दिलं नव्हतं, धाकटी भावंडं बघत होती म्हणून. सुखदेव म्हणाला, "मी काय बोललो मलाच आठवत न्हाई. पण बाई ऐकून राह्यल्या होत्या. तेवढं बराबर झालं."

माझी पाळी आली तेव्हा मला लाज उरली नव्हती. डॉक्टरबाई माझ्या मायपेक्षा थोड्या मोठ्या असतील. मी म्हणालो, "बाद झालो की मला बरं वाटतं." त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बाहेर बसल्यावर काय दिसतं?" मी विचार केला आणि म्हणालो, "हे तिघं माझ्यासाठी मार खाताना दिसतात." आणि मग मला जे रडू आलं, ते पावसाळा सरल्यापासूनचं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लगेच काही होत नाही, हे तेव्हा कोणाला माहीत? तीनचार आठवडे तसेच गेले. स्पर्धा जवळ आली. साहेबांनी भीमभाऊला बोलावून सांगितलं, दत्ताला गावी पाठव, त्याच्या जागी दुसरा आणतो. भीमभाऊ म्हणाला, तो गेला तर आम्ही तिघंही जाऊ. हे मला कळलं त्या दिवशी मी ठरवलं की आता आपणच निघायचं. यांच्या नोकऱ्या माझ्या गळ्यात नकोत. वळकटी बांधली, ट्रंक घेतली आणि तिघं कामावर असताना एसटी धरली. परत यायचं नाही, अशा हिशेबानं सगळं सामान घेतलं होतं.

घरी मायनं ट्रंक बघितली. शेवयाची खीर केली. दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, चल, बागेत पाणी द्यायचंय. मोसंबीच्या आळ्यांतून पाणी फिरत होतं. आम्ही बांधावर बसलो.

"तुझ्या भीमभाऊचा फोन आल्ता. किराणाच्या दुकानात," अप्पा म्हणाले. "सगळं सांगितलं त्यानं. दवाखान्याचंबी."

मला वाटलं आता जमीन फाटावी. अप्पा पाण्याकडंच बघत होते.

"माझंबी असंच झाल्तं," ते म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधी. एक अख्खा पावसाळा मी हितंच बसून राह्यलो. औत धरू वाटंना, कोणाशी बोलू वाटंना. लोक म्हणले, आळशी झाला. माझा बाप म्हणला, पोरगं वाया गेलं. तुझी माय तेवढी भाकरी आणून ठेवायची."

"मंग कसं बरं झालं?"

"झालं आपोआप. न्हाई, झालं म्हणजे, राह्यलं थोडं. अजूनबी हाये." आळं भरलं, पाण्याचं दार बदलायची वेळ झाली, तरी ते उठले नाहीत. "माझ्यापाशी कोणी येऊन बसलं न्हाई, दत्ता. तुझ्यासाठी तिघं जण येडे म्हणून बसले. असली माणसं सोडून कोणी गावाला येतं का? तू आजच जाय."

अप्पा आयुष्यात माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. पुढंही बोलले नाहीत. त्या एका बांधावर ते सगळं बोलून मोकळे झाले. माझा बाप इतकी वर्षं काय अंगावर वागवत होता हे मला बाविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही मी स्वतः आजारी पडलो म्हणून. त्या आजाराचेही मी आभार मानतो ते यासाठी.

ट्रंक त्यांनी स्वतः डोक्यावर घेतली. स्टँडवर औरंगाबादची गाडी लागली होती. टपावर सामान चढवून ते कंडक्टरपाशी गेले आणि म्हणाले, "पोरगं घरी चाललंय, पुण्याला. औरंगाबादला पुण्याची गाडी जरा दाखवून द्या." मी खिडकीत होतो. मला ते सांगत नव्हते, कंडक्टरला सांगत होते. घरी चाललंय म्हणाले.

स्पर्धा आम्ही जिंकली नाही. उपांत्य सामन्यात हरलो. मी चढाई केली नाही, डाव्या कोपऱ्यात बाळूचा हात धरून खेळलो, आणि बाद झालो तेव्हा बाहेर बसून, लवकर उठवा रे, असं वाटलं. गुडघ्यापायी बाळूची नोकरी राहिली नाही. तो शहागडला परतला, दुकानाचं त्यानं मोठं हॉटेल केलं. उपांत्य फेरी गाठली, तेवढ्यावर आम्ही तिघं कायम झालो. माझ्या गोळ्या बरीच वर्षं चालल्या, मध्ये एकदा पुन्हा सुरू कराव्या लागल्या. त्याचं मला काही वाटत नाही.

आता अप्पा नाहीत. मायनं पुण्याला यायला साफ नकार दिला आहे, तिथली मोसंबी तिला खोटी वाटते. मी वर्षातून दोनदा तीर्थपुरीला येतो. निघताना बायकोला सांगतो, घरी चाललो. आठ दिवसांनी मायच्या पाया पडताना तिलाही तेच सांगतो, घरी चाललो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मायला लागलं असावं. आता तिलाही सवय झाली आहे. परवा तर मी पायरी उतरत होतो, तेव्हा तीच शेजारणीला म्हणाली, "त्याच्या बापानंच धाडला ना त्याला घरी."