कांचघरच्या पुष्पाकाकू, सहा वायरी आणि मी लिहिलेलं खोटं

नागपूरहून जबलपूरला जायचं मी दोन वर्षांत चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा काहीतरी काम काढून रद्द केलं. या नोव्हेंबरच्या शेवटी एकदाचा गेलो. निमित्त झालं कोल्हापूरच्या एका वाचकाच्या प्रतिक्रियेचं. त्यांनी माझ्या एका जुन्या पोस्टखाली लिहिलं होतं, "बरं झालं वाचलं. मी त्या बाईंकडे ऑर्डर देणारच होतो, तुम्ही वाचवलंत." ते वाचून मी फोन उलटा ठेवला आणि चहा करायला उठलो. चहा उकळून सांडला तरी माझं लक्ष नव्हतं.

ती पोस्ट म्हणजे 'जबलपूरचा मुका खोका'. या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली.

नवीन वाचकांसाठी थोडं सांगतो. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे छोट्या छोट्या खोक्यांचं वाद्य. एक खोका सूर काढतो, दुसरा तो तासतो, तिसरा त्याची चढउतार करतो. हे खोके एकमेकांना वायरींनी जोडायचे. जसं जोडाल तसं वाजतं, आणि वायर काढली की ते वाजणं गेलं. साठवून ठेवायची सोयच नसते. मोठ्या कंपन्यांचे असे खोके मिळतात, पण काही माणसं ते घरी, हातानं बनवतात. जबलपूरच्या पुष्पा वैरागडे त्यांतल्या एक. एका सरकारी कारखान्यात तीस वर्षं वायरिंगच्या टेबलावर काढून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्याकडून चार खोक्यांचा एक संच मागवला होता.

तो मी लावला, एका मिनिटात जळका वास आला आणि संच बंद पडला. त्याच संध्याकाळी मी पोस्ट लिहिली. जुन्या रेडिओची बटणं, पत्र्यावर रंगानं लिहिलेली अक्षरं, सगळ्याची मस्त टिंगल केली. लोक हसले. मी संच परत पाठवला. तीन आठवड्यांनी काकूंनी काही न बोलता दुसरा पाठवला. त्यात वीज नेणाऱ्या चपट्या पट्टीच्या टोकाला एक खाच केलेली होती आणि सोबत चिठ्ठी: "आता उलटी लागणार नाही."

पट्टी मी उलटी लावली होती. पहिल्या संचाबरोबरही एक कागद आला होता, त्यावर लाल कड खालच्या बाजूला ठेवा असं ठळक लिहिलेलं होतं. तो मी वाचलाच नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं, आणि पोस्ट मी तशीच ठेवली.

तर प्रवास. नागपूरहून जबलपूरला सकाळी लवकरची बस धरा. साधारण सहा तास लागतात आणि रस्ता आता खरंच चांगला आहे. पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरं जातात, आणि गाड्यांचा आवाज जंगलात जाऊ नये म्हणून दोन्ही कडांना उंच भिंती लावल्यात. तेवढ्या पट्ट्यात बसच्या आतलाच आवाज ऐकू येतो. शेजारच्या सीटवर सिवनीचे एक गृहस्थ होते. जबलपूरला काय काम, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी म्हणालो, फिरायला. सिवनीला बस वीस मिनिटं थांबते. पोहे-जिलबी गरम मिळते, चहा मात्र पुढं लखनादौनला घ्या.

तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदा दिसली की शहर आलं. बसमधल्या दोन-तीन जणांनी हात जोडले. मीही जोडले.

बारा वाजता पोचलो होतो आणि काकूंना आजच येतो म्हणून फोनवर सांगितलं होतं. स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि त्यांना कळवलं की बसला उशीर झाला, उद्या सकाळी येतो. मग रिक्षा करून सरळ भेडाघाटला गेलो. तिथं धुआंधारचा धबधबा पाहिला, संगमरवरी कड्यांमधून नावेत फिरलो. नाववाला प्रत्येक कड्यावर यमक जुळवून काही ना काही म्हणत होता आणि नावेतले सगळे हसत होते. जायचं असेल तर पावसाळ्यानंतरच जा, पावसाळ्यात नावा बंद असतात. जागा सुंदर आहे. मी तिथं लपायला गेलो होतो, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त लिहायचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता काकूंच्या मोहल्ल्यात, कांचघरला पोचलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं, वर गच्ची असलेलं घर. काकू सदुसष्ट वर्षांच्या, बारीक, चष्म्याला मागून दोरी. यजमान रेल्वेत होते, ते आठ वर्षांपूर्वी गेले. मुलगी रश्मी शाळेत विज्ञान शिकवते. ती कामावर गेली होती, दुपारी जेवायला येणार होती. मूळ घराणं अमरावतीकडचं, पण काकूंचा जन्म इथलाच.

मी फोनवर फक्त पहिलं नाव सांगितलं होतं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. पाणी दिलं, खोव्याची जिलबी पुढं केली आणि म्हणाल्या, "अच्छा, तर शिकाले आले तुम्ही. चलो, बसा मग."

शिवणयंत्राचं जुनं टेबल, त्यावर चार खोके. एवढंच त्यांचं वाद्य. बटणं शहराच्या गढा भागातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची, पत्रा भांडीवाल्याकडून कापून आणलेला. पाचवा खोका का नाही, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या टेबलावर चारच मावतात. मला वाटलं गंमत करताहेत. त्या गंमत करत नव्हत्या. मोठं टेबल घ्यायला रश्मी तीनदा तयार झाली होती, त्यांनीच नको म्हटलं.

त्यांनी माझ्या हातात सहा वायरी दिल्या आणि जेवायच्या आत काहीतरी वाजवून दाखवा म्हणाल्या. मी तासभर झटलो. प्रत्येक वेळी कुठंतरी एक जोड कमी पडायचा. शेवटी मी सातवी वायर मागितली.

"सातवी नाहीच ना," त्या म्हणाल्या. "सातवी असती तर मी बी शोधतच बसली असती. सहा हाय म्हणून संपते कधीतरी."

माझ्या घरी एक पूर्ण भिंत अशा खोक्यांनी भरलेली आहे. वायरी मी कधी मोजल्या नाहीत. तीन वर्षांत मी एकही रचना पूर्ण केलेली नाही. जे केलं ते दुसऱ्यांच्या वाद्यांबद्दल लिहिलं. हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

मग त्यांनी स्वतः जोडलं. दोन सूर, अगदी जवळ जवळचे, एकमेकांना घासून थरथरत होते. पुढं काहीच होईना. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरून बाजूला ठेवलं. खोके तापायला वेळ लागतो, तापले की सूर आपोआप सरकतात, असं त्यांनी सांगितलं. आम्ही दहाबारा मिनिटं काही न बोलता बसलो. बाहेर भाजीवाला येऊन गेला. ती थरथर हळूहळू लांबत गेली, इतकी लांब की दोन लाटांच्या मध्ये श्वास घेता येईल, आणि मग दोन्ही सूर एक झाले. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. काही क्षणांनी सूर पुन्हा वेगळे झाले, तेव्हा त्यांनी वायर ओढून काढली आणि भात टाकायला उठल्या.

मी जागेवरच बसून राहिलो. आता बोलायचं असं ठरवलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "काकू, मागं मी एक पोस्ट लिहिली होती. जरा घाईत लिहिली होती." घाईत. दोन वर्षं ज्याची तयारी केली, त्यातून एवढाच शब्द निघाला.

त्यांनी वरणाला फोडणी दिली. "मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पार्सलवर पूर्ण नाव होतं न तुमचं. आवाज बी इंटरनेटवर तुमच्या वाद्यांच्या व्हिडिओत ऐकलेला."

पट्टी मीच उलटी लावली होती, हे मी मग सांगितलं. तेही त्यांना ठाऊक होतं. जळालेला भाग पाहिल्यावर पाच मिनिटांत कळलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की उलटी लागू शकेल अशी जागा त्यांनी ठेवायलाच नको होती. तीस वर्षं कारखान्यात हेच शिकवलं गेलं होतं. हे त्या अगदी सरळपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दोन वाजता रश्मी आली. दारातच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिला मराठी सगळी कळते, पण ती बोलते हिंदीतच.

"ये वही हैं ना, आई?"

काकू म्हणाल्या, आधी जेव. आम्ही तिघं जेवायला बसलो. रश्मीनं अर्धी पोळी खाल्ली आणि मला सांगायला लागली. तिचा आवाज चढला नाही, शाळेत धडा समजावून सांगावा तशी ती सांगत होती. बंगळुरूला हातानं वाद्यं बनवणाऱ्यांचा मेळावा होता. त्यांनी आईला बोलावलं होतं, एक तास, तिच्या कामाबद्दल बोलायला. आई कधी एकटी नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती. तिनं खोक्यांसाठी कापूस भरलेली पिशवी शिवली, काय बोलायचं ते वहीत लिहून आरशासमोर म्हणून पाहिलं. तिकीट काढलं होतं. मग तुमची पोस्ट आली, आणि आठ दिवसांत त्यांचं पत्र आलं, की कार्यक्रमात काही बदल झाले आहेत. त्यानंतर आईनं बाहेरच्या ऑर्डर घेणंच सोडलं.

तो मेळावा मला माहीत होता. नवीन संच आणि ती चिठ्ठी मिळून दहा दिवस झाले होते, तेव्हा मला त्यांचा फोन आला होता. एका वक्त्याची वेळ रिकामी झालीय, येता का. मी गेलो होतो. वाद्य विकत घेताना काय पाहावं, या विषयावर एक तास बोललो होतो. त्यात जबलपूरच्या खोक्याचा किस्साही सांगितला, खरं काय ते माहीत असताना. लोक तिथंही हसले होते.

हे न सांगता उठता आलं असतं. त्या दोघींना कळायचा काही मार्ग नव्हता.

"त्या जागी मी गेलो होतो," मी म्हणालो. "तुमच्या तासाला."

रश्मीनं ताट सरकवलं आणि उठून गच्चीवर गेली. काकूंनी ताटं उचलली. मग त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. हॉल केवढा होता. लोक किती होते. बायका होत्या का. टेबलं कशी लावली होती, कोणी काय काय बनवून आणलं होतं. माफी मागायला मी तोंड उघडलं की त्या हातानं थांबवायच्या आणि पुढचा प्रश्न विचारायच्या. मग मी सांगत गेलो. केरळच्या एका माणसानं नारळाच्या करवंटीत बसवलेला खोका, पुण्याच्या दोन बहिणींचं पायानं वाजवायचं वाद्य. काकू मध्येच वही आणून काही आकृत्या काढून घेत होत्या. करवंटीच्या खोक्याला वीज कुठून दिली होती, हे मला सांगता आलं नाही. मी पाहिलं नव्हतं. असं निदान दहा वेळा झालं. ज्या जागेवर मी त्यांच्याऐवजी गेलो, तिथं मी कुठल्याच टेबलापाशी दोन मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो.

निघताना मी म्हणालो की मी आयोजकांशी बोलतो, पुढच्या वेळी ते तुम्हाला नक्की बोलावतील. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तेव्हा जाणार होती मी. आता नाही वाटत."

रश्मी गच्चीवरून खाली आली नाही. काकूंनी बससाठी मुरमुऱ्याच्या चिवड्याची पुडी दिली. ती मी घेतली, कारण न घेणंही मला जमलं नाही.

परत येऊन दोन आठवडे झाले. जुनी पोस्ट मी काढलेली नाही. काढली असती तर ती मी लिहिलीच नव्हती असं झालं असतं. तिच्या सुरुवातीलाच खरं काय झालं ते लिहिलं आहे. आयोजकांना पत्र पाठवलं, त्यांचं सभ्य उत्तर आलं. कोल्हापूरच्या त्या वाचकांनाही कळवलं. दुरुस्ती फार कोणी वाचलेली नाही, टिंगल वाचणारे केव्हाच पुढं गेलेत. घरातल्या भिंतीवरचे चार खोके ठेवून बाकीचे मी खाली उतरवलेत. त्यानं मी चांगला माणूस होत नाही, हे माहीत आहे. फक्त रोज सकाळी त्यांच्यासमोर बसतो आणि तापेपर्यंत हात लावत नाही.

कुणाला काकूंकडे जायचं असेल तर आधी कळवून जा. दिवसभर बसायची तयारी असेल तरच त्या वाद्य देतात. आणि त्या जो कागद देतील, तो वाचा.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी रश्मीला पाठवली होती. तिचं उत्तर काल आलं.

"पढ़ लिया। आई को भी पढ़के सुना दिया। आई पूछ रही हैं, उस हॉल में खिड़कियाँ थीं क्या?"

मी खूप आठवून पाहिलं. मला आठवत नाही.