मोटारीला बांधलेली चिठ्ठी

गंगाखेडच्या फलाटावर माय अर्धा तास बोलत होती आणि अण्णा गाडी यायच्या दिशेला बघत होते. आधी भाकरी खा, दशम्या उद्याही टिकतील. वरच्या बर्थवर चढू नको, पडशील. "खोलीवरल्या पोरी बोलल्या न्हाईत तर तूच बोल. तोंड काय उसनं आणायचं हाय का?" माझं सामान म्हणजे एक बॅग आणि तिच्यापेक्षा जड असा खाण्याचा डबा. गाडी हलली तेव्हा अण्णांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि त्या दिवसातलं त्यांचं एकुलतं एक वाक्य बोलले, "पोचलीस की मिस कॉल दे, बाई."

मिस कॉल ही आमच्या घरची रीत. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे उलट फोन करा. पुढं बोलणं फुकट झालं तरी अण्णांनी रीत सोडली नाही. हैदराबादला उतरले, एक रिंग दिली आणि कापली. पलीकडं अण्णांनी मान हलवली असेल, असं मी धरून चालले.

जे गावी मागं राहिले त्यांच्यासाठी हे मी लिहितेय आणि जे माझ्यासारखे डबा घेऊन गाडीत चढले त्यांच्यासाठीही. आपल्याला वाटतं, आपल्याला एकमेकांचं सगळं ठाऊक असतं. मला तरी काही ठाऊक नव्हतं.

अण्णांचं गंगाखेडला मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची आणि तांब्याची नवी तार वेढे मोजून भरायची. मोजताना बोलायचं नाही, कारण आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मला वाटायचं, अण्णा रागावलेत. ते बिचारे फक्त मोजत असायचे. चालू मोटारीला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि आत काय झालंय ते नुसतं ऐकून सांगायचे. ऐकण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. बोलण्याचं खातं मायकडं होतं.

पालमकडचे, सोनपेठकडचे शेतकरी पाणी द्यायच्या घाईत स्वतः येत नसत. मोटार जीपच्या टपावर टाकून पाठवायचे आणि तिला सुतळीनं चिठ्ठी बांधायचे, 'घुर घुर करती, पाणी फेकत न्हाई.' मोटार नीट झाली की अण्णा त्याच चिठ्ठीच्या पाठीमागं उत्तर लिहायचे, चिठ्ठी पुन्हा मोटारीला बांधायचे आणि मोटार जीपवर चढवायचे. पत्ता कधी लिहिला नाही. वस्तू जिथून आली तिथं बरोबर परत जायची. ही चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हैदराबादेत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यानं बनवलेल्यात काय बिघडलंय ते शोधायचं आणि नम्र इंग्रजीत कळवायचं. ऑफिसात इंग्रजी, खोलीत तेलुगू, रिक्षात हिंदी. रिक्षावाला 'नक्को' म्हणाला की पहिले काही महिने मी त्याच्याकडं वळून बघायची, कारण तो शब्द आमच्या घरातून उचलून आणल्यासारखा वाटायचा. खोलीवरल्या पोरी वाईट नव्हत्या. मी बोललेही आपण होऊन. पण दिवसभर उसन्या भाषांत बोलून संध्याकाळी आपलं तोंड आपल्यालाच परकं वाटतं, हे मायला कसं सांगणार? तिला सांगायची गरजही नव्हती म्हणा. तीच बोलायची, मी ऐकायची. शेवटी ती "घ्या, लेकीला बोला" म्हणून फोन पुढं करायची आणि अण्णा लांबूनच म्हणायचे, "काय न्हाई, बरं हाय मन तिला."

दोन वर्षांपूर्वी माय गेली. दिवसकार्य उरकून मी परत आले आणि त्या रविवारी अण्णांनी स्वतः फोन लावला.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"झालं. बरं. ठेवू?"

दर रविवारी हेच. मी एकदा फोनवर बघितलं, अठ्ठावीस सेकंद झाले होते. आम्ही दोघं माय नावाच्या पुलावरून एकमेकांकडं जात होतो, हे तो पूल गेल्यावर कळलं.

मराठीतला एक पॉडकास्ट मला सापडला तो नोकरीच्या भीतीनं. आमच्या कामाची नवी पद्धत आली होती आणि इंग्रजी व्हिडिओ डोक्यावरून जात होते. म्हणून फोनवर मराठीत शोधलं. मेट्रोत उभी होते. कानात एक पोरगा म्हणाला, "तर दोस्तहो, आज आपण बघायलोत की कॉम्प्युटर स्वतःचीच चूक कशी शोधतो." बघायलोत! हैदराबादेतल्या सात वर्षांत घरच्या फोनशिवाय हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. मी कुठं उतरायचं होतं तेच विसरले आणि एक स्टेशन जास्त गेले.

परभणीतली तीन पोरं खोलीत बसून ते करायची. मागं पंख्याची खडखड यायची. एक जण तंत्रज्ञान सांगायचा, एक पोरगी कॉलेजचे किस्से आणि तिसरा आपल्या भागाचा इतिहास. कॉलेजच्या एका भागात एसटीच्या पासवर शिकणाऱ्या पोरांबद्दल होतं. शेवटची गाडी सुटते म्हणून ज्यांनी गॅदरिंगचा शेवट कधी बघितलाच नाही, ती पोरं. त्यातली एक मी. मी मेट्रोच्या डब्यात एकटी हसले आणि मग रडू आलं, तेही एकटीलाच. इतिहासवाला पोरगा मध्येच "बरं का" म्हणायचा आणि मी मोठ्यानं "हां" म्हणायची. शेजारची बाई सरकून बसायची.

आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. माय संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत भाकरी थापत गावभरचं सांगायची आणि अण्णा वेढे मोजता मोजता "हूं" म्हणायचे. आकडा न चुकवता कसं म्हणायचे, कोण जाणे. हुंकार थांबला की मायही थांबायची. "भिताडाला सांगायलेय का मी?" कानात हेडफोन घालून ऐकताना मला तेच कळत नव्हतं, की यात भिंत कोण, मी का तो पोरगा.

एकदा 'मोटेपासून मोटारीपर्यंत' नावाचा एक भाग आला. आपल्याकडच्या विहिरींवर आधी इंजिन आणि मग वीज कशी आली ते. मी तो अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, नऊ मिनिटांचा. मला वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल.

"नमस्कार सर. मी गंगाखेडहून बोलायलो. मोटारी भरायचं काम करतो. तुमी मोटेचं सांगितलं ते लय बेस झालं. पण इंजिनाचं जरा चुकलं, राग धरू नका. इंजिन आलं मनून लोकायनं मोट लगेच सोडली न्हाई. आमच्या मोठ्या बापाच्या हिरीवर दोन्ही व्हतं. इंजिनाच्या आवाजानं बैलं बुजायची..."

मला उलगडायला वेळ लागला. अण्णांनी त्या भागावरच बोट दाबून धरलं होतं आणि त्यालाच उत्तर दिलं होतं. जिथून आलं तिथं, म्हणजे सरांकडं जाईल, असं धरून. चिठ्ठी मोटारीला बांधली होती!

आणि काय बोलले होते! बैलांची नावं, इंजिनाच्या तेलाचा वास, पहिल्यांदा वीज आली तेव्हा विहिरीत वाकून बघणारी म्हातारी. नऊ मिनिटांत अण्णा दोनदा हसले. मला त्या तेवीसेक वर्षांच्या 'सरां'चा हेवा वाटला. खरं सांगायचं तर रागच आला. माझ्या वाट्याला अठ्ठावीस सेकंद आणि ह्या पोराला नऊ मिनिटं.

पण मी त्यांची चूक त्यांना सांगितली नाही. सांगितलं असतं तर ते ओशाळले असते आणि गप्प झाले असते. मी पुढचा भाग पाठवला. पुढची चिठ्ठी आली. आठवड्याला एक, असं पावसाळाभर चाललं. रविवारी फोनवर "जेवलीस का, बरं, ठेवू" आणि बुधवारी सरांना दहा मिनिटं. अण्णा एक वर्ष कॉलेजात होते, हे मला त्यातूनच कळलं. "परभणीला, सायन्सला. प्रयोगशाळेत एक मीटर व्हता सर. त्याचा काटा हलायचा, ते बघायला मी तास संपल्यावरबी थांबायचो. मंग घरी काम निघालं. आता ते कुणाला ठावं न्हाई. सांगण्यासारखं काय हाय त्यात?" मी तो तुकडा किती वेळा ऐकला ते सांगत नाही. चोरून ऐकत होते, ही बोच होतीच. पण तेवढीच एक सोबत होती आणि मला ती सोडवत नव्हती.

मग कॉलेजवाल्या पोरीनं हॉस्टेलमधल्या एकटेपणाबद्दल भाग केला. तो मी पाठवावा की नाही, असा विचार करून पाठवला. उत्तर छोटं आलं.

"सर, माझी पोरगी हैदराबादला कंपनीत हाय. तिची माय व्हती तवर तीच बोलायची. आता मी फोन लावतो. जेवलीस का इचारतो, ती हो मनती. मंग पुढं काय इचारावं ते सुचत न्हाई. ठेवून देतो अन् लय वेळ तसाच बसतो. तुमी पोरापोरींसंगं बोलता. लेकीला काय इचारावं, तेवढं कळवा."

मेट्रोच्या जिन्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले. लोक धक्के देत गेले.

आता उत्तराची वाट बघणारा एक माणूस गंगाखेडला बसला होता आणि सरांना त्याचा पत्ताही नव्हता. मी त्या पोरांना लिहायला घेतलं, की माझ्या वडिलांना एक निरोप पाठवा, काहीही चालेल. लिहून पुसलं. पुढच्या बुधवारी अण्णांचे एवढेच शब्द आले, "सरांनी काय कळवलं न्हाई. कामात असतील." त्यानंतरच्या बुधवारी काहीच आलं नाही. मी पाठवलेला भाग त्यांनी उघडलाही नव्हता.

तेव्हा मी फोनचं बटण दाबून धरलं आणि एका दमात बोलले. "अण्णा, तुमच्या चिठ्ठ्या सरांना पोचल्या न्हाईत. सगळ्या माझ्याकडंच आल्या. बैलांची आली, कॉलेजची आली, शेवटचीबी आली. मी सगळ्या ऐकल्या. आधी सांगितलं न्हाई, चुकलं माझं."

निळ्या खुणा लगेच उमटल्या. पुढं चार दिवस शांत. रविवारी फोनसुद्धा नाही. मीही केला नाही. बाप तशी लेक. मला वाटलं, झालं, अठ्ठावीस सेकंदही आता गेले.

पाचव्या दिवशी दुपारी जेवायला बसले होते आणि फोन वाजला. अण्णा. एक रिंग झाली, मी कापला जायची वाट बघितली. दुसरी झाली. तिसरी झाल्यावर वरणाच्या हातानंच उचलला.

"बाई."

"हां, अण्णा."

पलीकडं दुकानातली मोटार घरघरत होती. ती त्यांनी बंद केली. आता 'जेवलीस का' येणार, असं मी धरून बसले.

"आज काय बिघडलेलं सापडलं?" अण्णा म्हणाले.

प्रश्न त्यांनी चार दिवस बसून काढला होता, हे आवाजावरून कळत होतं. जन्मभर लोकांना हाच प्रश्न विचारत आलेला माणूस. मी सांगितलं, तिकिटाच्या एका अ‍ॅपमध्ये जन्मतारीख पुढच्या वर्षाची टाकली तरी तिकीट निघतंय, म्हणजे जो माणूस अजून जन्मलाच नाही तो खिडकीची जागा धरून बसलाय. अण्णांना त्यातलं किती कळलं, देव जाणे. पण ते "हूं" म्हणाले. आणि माझ्या लक्षात आलं, की माय गेल्यापासून त्यांचा हुंकार मी ऐकलाच नव्हता. वरण गार झालं.

सगळं गोड झालं असं समजू नका. सरांना चिठ्ठ्या पाठवणारे अण्णा परत भेटले नाहीत. कॉलेजातल्या काट्याचं मी एकदा विचारलं, तर "ते जाऊ दे" म्हणाले. ती गोष्ट ते परक्यालाच सांगू शकत होते आणि तो परका मीच पळवून लावला. संध्याकाळी खोलीत शिरताना कुलूप मीच उघडते. गंगाखेडला त्यांचंही तसंच.

घर कुठं, असं ऑफिसात कोणी विचारलं की मी गंगाखेड सांगते, कारण तेवढंच नकाशात सापडतं. मनातलं उत्तर वेगळं आहे. आपण बोलता बोलता थांबलो की ज्याला कळतं, तो असेल तिथं घर. काल मी ते तपासून पाहिलं. तपासणं माझं कामच आहे. फोनवर ऑफिसातलं सांगता सांगता वाक्याच्या मध्येच गप्प झाले. पलीकडं तारेचं रीळ फिरत होतं. अण्णा वेढे मोजत होते, म्हणजे त्यांनी बोलायचं नव्हतं. रीळ थांबलं.

"मंग?" अण्णा म्हणाले. आकडा चुकला होता, तो त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागणार होता.