तिसरं रीडिंग

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात मुलं नेमकं काय शिकतात, असं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी अभ्यासक्रम वाचून दाखवला असता. मोल, आवर्तसारणी, रासायनिक बंध, बेन्झिनचं कडं. आज विचारलं तर सांगेन की एका थेंबासाठी थांबायला शिकतात. बाकीचं सगळं पुस्तकात असतं, आणि पुस्तक इंग्रजीत असतं. दहावीपर्यंत चंचुपात्र म्हणणारं पोरगं अकरावीत आलं की त्याला बीकर म्हणावं लागे, आणि नुसत्या या बारशानेच निम्मा वर्ग गारद होई.

अंबडच्या ज्युनिअर कॉलेजात मी लागलो तेव्हा जालना जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. जिल्हा नवा असला की उद्घाटनं पुष्कळ होतात. आमच्या प्रयोगशाळेचंच दोनदा झालं होतं, एकदा इमारतीचं आणि एकदा नळांचं. नळांना पाणी येणं हा वेगळा विषय होता. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याचं लांबट दालन आणि एका टोकाला तराजूची खोली. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून तिला खिडकीच ठेवली नव्हती. बाहेर एक मोठा कडुनिंब होता. त्याचं उद्घाटन कुणी केलं नव्हतं, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं.

एका वर्षी बारावीला एक मुलगी आली. वर्गातल्या पोरांना तिला ताई म्हणावं की नावाने हाक मारावी ते कळेना, म्हणून ती तिच्याशी बोलतच नसत. माहेर भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाईचं. अकरावी सायन्स तिकडेच चांगल्या मार्कांनी केली, मग लग्न होऊन अंबडजवळच्या एका गावात आली. दोन वर्षांनी, पदरात चार महिन्यांचा मुलगा असताना, राहिलेली बारावी पुरी करायला निघाली. तिला पुढे डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. सासऱ्यांनी परवानगी दिली, पण अट घातली की लेकराची आबाळ झालेली दिसली तर कॉलेज त्याच दिवशी बंद. नवरा या बाबतीत वडिलांच्या मताचा होता. इतर बाबतींतही होता.

प्रॅक्टिकलला हजेरी सक्तीची. त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दिवशी सासूही बाळाला घेऊन तिच्याबरोबर एस.टी.ने येई. कडुनिंबाच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याचा झोका बांधायचा, बाळाला त्यात घालायचं आणि दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून शेंगा फोडत बसायचं, असा तिचा क्रम. पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन म्हणालो, "मावशी, ऑफिसात बसा की. खुर्ची आहे."

"नको मास्तर. खुर्चीवर पाय लोंबकळतेत. इथं बराबर हाये."

"तुम्हाला उगाच हेलपाटा."

"घरी बसून तरी काय करून राह्यले मी? तिथं बी झोका, इथं बी झोकाच. इथं निदान मानसं दिसतेत."

प्रॅक्टिकल संपवून सून बाहेर आली की सासू बाळाला तिच्या हातात देई आणि एकच प्रश्न विचारी, "काय रंग झाला आज?"

हा प्रश्न मला आमच्या पुष्कळ तपासणी अधिकाऱ्यांच्या प्रश्नांपेक्षा आवडला. रसायनशास्त्र बाहेरून पाहिलं तर तेवढंच तर दिसतं. तांब्याच्या क्षारात अमोनिया घातला की मुलगी सांगे, "मोरपंखी झाला, आत्याबाई." शिशाच्या दिवशी हळदीसारखा पिवळा. एकदा नुसताच पांढरा साका आला, तेव्हा सासू म्हणाली, "पांढरा? अन् त्याला तीन घंटे?"

खरी कसोटी टायट्रेशनची. खाली फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि वर काचेच्या लांब नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, कॉस्टिक सोडा. नळीची तोटी फिरवून सोडा थेंबाथेंबाने आम्लात सोडायचा. आम्ल पुरतं संपलं की पाण्यासारख्या द्रावणाला एकदम गुलाबी झाक येते, तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहून घ्यायचा. ती झाक इतकी फिकी हवी की आहे की नाही अशी शंका यावी. थेंब जास्त पडला तर द्रावण लग्नातल्या शालूसारखं भडक होतं. पोरं म्हणायची, "सर, राणी झाला." राणी झाला म्हणजे रीडिंग गेलं, पुन्हा पहिल्यापासून. अशी तीन रीडिंगं सारखी आली पाहिजेत.

या मुलीचा हात पहिल्यांदा फार घाईचा होता. तिचं निम्मं लक्ष झोक्याकडे असे. ऑगस्टभर तिचा राणीच होत राहिला. मी तिला एवढंच सांगितलं की शेवटचे थेंब बाळाच्या डोळ्यात औषध घालतात तसे घालायचे. दिवाळीनंतर तिची रीडिंगं जुळायला लागली.

जानेवारीत बाळाला ताप आला. साधाच होता, उतरलाही, पण दोन प्रॅक्टिकलं बुडाली. तिसऱ्या वेळी दोघी आल्या तेव्हा सासूनेच मला झाडाखाली बोलावून सांगितलं.

"हे म्हन्ले, आता बास. लेकराचे हाल होऊन राह्यले. म्या म्हन्लं, यवढी परीक्षा होऊ द्या. मी हाये ना संगं."

"मग काय म्हणाले?"

"म्हन्ले, ठीक. पन परीक्षेत लेकरू रडून गोंधळ झाला, तर पुढचं नाव काढायचं न्हाई. मी बी म्हन्लं, न्हाई काढनार." मग शेंग फोडता फोडता म्हणाली, "बोलून बसले खरी. त्याचा घसा बापावर गेलाय."

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतात. त्यांना एक्स्टर्नल म्हणतात, आणि त्यांच्या हातात मार्क असल्यामुळे त्यांचं आगतस्वागत व्याह्याच्या तोडीचं होतं. त्या वर्षीचे एक्स्टर्नल सफारीत आले. फळ्यावर रंगीत खडूने सुस्वागतम् होतं, शाल होती, नारळ होता, प्राचार्यांच्या घरून आणलेला टेबलफॅन होता. हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी विज्ञान आणि राष्ट्र या विषयावर भाषण केलं. पोरं पिपेट हातात धरून ते ऐकत उभी होती. शेवटी ते म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त. परीक्षा संपेपर्यंत कोणीही आपली जागा सोडणार नाही." प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या माणसाबद्दलचं मत तिथेच कायम केलं.

पहिला तास शांततेत गेला. मुलीची दोन रीडिंगं झाली, दोन्ही सारखी. तिसरं चालू असताना बाहेरून बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग झोक्याच्या दोरीची घाई, मग सासूचं गाणं, आणि त्या सगळ्याच्या वरून खणखणीत घशाचं रडणं. घसा खरोखरच बापावर गेला होता. मुलीचा तोटीवरचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडेही पाहिलं नाही. खाली फ्लास्ककडे बघत राहिली. तिच्या ब्लाउजच्या पुढच्या बाजूला ओल आली होती आणि ती लपवायला तिने पदर पुढे ओढून घेतला.

एक्स्टर्नल खुर्चीतून उठले. "कोणाचं मूल आहे हे?"

पोरांनी आपापल्या ब्युरेटवर डोळे लावले.

"माझं, सर," ती म्हणाली.

ते तिच्या टेबलापाशी गेले. सकाळपासून ते सगळ्यांना अरे-तुरे करत होते. "तुमचं? किती महिन्यांचं?"

"वर्षाचा होईल सर, पुढच्या महिन्यात."

"आणि हे कुठपर्यंत आलंय?"

"तिसरं रीडिंग, सर. थेंबावर आलंय."

त्यांनी ब्युरेटकडे वाकून पाहिलं. गळ्यातला हार टेबलावर लोंबला, तो त्यांनी काढून खुंटीला अडकवला. "तोटी घट्ट बंद करा. आकडा लिहून ठेवा. आणि जा."

"सर, जागा..."

"जागा मी सांभाळतो. सोडा कुठे पळून जात नाही."

मी तराजूची खोली उघडून दिली आणि सासूला हाक मारली. दोघी बाळाला घेऊन आत गेल्या. मी बाहेर दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि समोरच्या भिंतीवरची आवर्तसारणी वाचायला घेतली. तितक्या एकाग्रतेने ती मी बी.एस्सी.लाही वाचली नव्हती. हाफ्नियम कुठल्या रकान्यात आहे हे मी अजूनही झोपेतून उठून सांगू शकतो. आतून रडणं थांबल्याचं ऐकू आलं, मग सासूचा आवाज, "सावकाश पिऊ दे. तुझा रंग कुठं जात न्हाई. त्यो हारवाला राखून राह्यला."

तो खरोखरच राखत होता. फ्लास्कवर त्यांनी एक काचेची वाटी झाकली होती, धूळ पडू नये म्हणून, आणि हात मागे बांधून टेबलापाशी उभे होते. तेवढ्यात प्राचार्य आले. ऑफिसात फराळ मांडून झाला होता आणि भजी निवत होती.

"सर, चलावं. दोन मिनिटं."

"नाही येता येणार," एक्स्टर्नल म्हणाले. "परीक्षा संपेपर्यंत कोणीही जागा सोडायची नाही, असं सांगितलंय."

"कोणी सांगितलंय?"

"मीच."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाफ्नियमकडे पाहिलं.

मुलगी परत आली, पदर नीट खोचून, हात धुऊन. वाटी काढली, फ्लास्क गोल हलवला. एक थेंब सोडला. गुलाबी लकेर आली आणि विरून गेली. दुसरा थेंब तिने पुरता सुटू दिला नाही, तोटीच्या टोकाला लोंबत असतानाच काचेला टेकवून घेतला आणि पाण्याच्या बारीक धारेने खाली उतरवला. फ्लास्कमध्ये झाक आली आणि राहिली. तिसरा आकडा पहिल्या दोन्हींसारखाच होता.

झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन सासू दारापर्यंत आली होती. वर्षभर ती रंगांची नावंच ऐकत आली होती. परीक्षेच्या दालनात बाहेरच्या माणसाने यायचं नसतं, पण तिला कोणी हटकलं नाही. तिने लांबूनच मान पुढे काढली. "ह्योच का?"

"हो, आत्याबाई."

"लईच फिका हाये."

"फिका म्हणजेच बरोबर, आजी," एक्स्टर्नल म्हणाले.

"असंल. लुगड्याला असा आला असता तर म्या दुकानदाराला वापस केलं असतं." मग सुनेकडे वळून, आवाज अजिबात न उतरवता, "घरी कोनी इचारलं तर म्हनायचं, लेकरू झोपल्तं."

"मी काही ऐकलं नाही," एक्स्टर्नल म्हणाले आणि खुंटीवरचा हार तिथेच विसरून थंड भजी खायला गेले.

जूनमध्ये निकाल लागला. मुलगी पास झाली, रसायनशास्त्रात चांगले मार्क पडले. मार्कशीट न्यायला दोघी आल्या तेव्हा झोका बांधायची गरज उरली नव्हती. मुलगा कडुनिंबाच्या बुंध्याला धरून उभा राहत होता आणि निंबोळ्या तोंडात घालत होता. सून ऑफिसात सही करत असताना सासूने मला विचारलं, "डी.एड.चं कॉलेज जालन्याला हाये म्हन्तेत."

"हो. घरचे काय म्हणतात?"

"घरचं मी बघते. लेकरू रडलं न्हाई, तर ते काय बोलनार?" ती थोडा वेळ मुलाच्या तोंडातून निंबोळी काढत राहिली. मग म्हणाली, "तिथं झाड हाये का?"

मला माहीत नव्हतं. पाहून सांगतो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात जालन्याला काम निघालं, किंवा मी काढलं. कॉलेजच्या दर्शनी बाजूला ओळीने रोपं लावली होती. प्रत्येकाभोवती लोखंडी जाळी आणि जाळीवर लावणाऱ्या पाहुण्याच्या नावाची पाटी होती. पाट्यांची सावली रोपांपेक्षा जास्त पडत होती. मी वळसा घालून मागे गेलो. तिथे पाण्याच्या टाकीजवळ एक जुनी चिंच होती, खालची एक फांदी हाताला लागेल अशी. तिच्याखाली जरा वेळ बसून पाहिलं.

अंबडच्या बाजाराच्या दिवशी सासू भेटली तेव्हा सांगितलं, "आहे, मावशी. चिंच आहे. मागच्या अंगाला."

"सावली?"

"दुपार ढळेपर्यंत."

"अन् पानी?"

"शेजारीच टाकी आहे."

"मंग बराबर हाये," ती म्हणाली, आणि कोथिंबिरीचा भाव पाडायला लागली.