सालीआडचं घरटं

आमचे हे कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायचे, कुणाची हनुवटी वर करायची, कुणाचा खांदा खाली, आणि बटण दाबण्याआधी ठरलेलं वाक्य, "हं, आता हलू नका." सुट्टीच्या दिवशी मात्र स्वारी कॅमेरा घेऊन रानात. घरातला नळ गळतोय, गळेना का.

यंदा एका चिमुकल्या पक्ष्याने त्यांना वेड लावलं होतं. बोटाएवढा जीव, पाठ हुबेहूब सालीसारखी. खोडावरून सरसर चढतो आणि धोका वाटला की सालीला चिकटून दिसेनासा होतो. एका वाळलेल्या झाडाच्या सुटलेल्या सालीमागे त्याचं घरटं होतं. नेमकं तेच झाड पायवाटेवर पडेल म्हणून तोडायचं ठरलं. वनाधिकारी तसे वाईट नव्हते. घरट्यापाशी पक्षी दिसेल असा फोटो दाखवा, पिल्लं उडेपर्यंत झाड ठेवतो, म्हणाले. नुसत्या तोंडी सांगण्यावर त्यांना वरच्यांना उत्तर देता येणार नव्हतं.

तोडणीच्या सकाळी मीही गेले. वनाधिकारी साहेब देखरेखीला आलेच होते. करवतवाला मशीन लावून शेजारचं झाड कापत होता. ते आडवं होईपर्यंतच आम्हाला मुदत. हे झुडपाआड गुडघे टेकून बसले, त्यांच्यामागे मी. पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. एवढ्यात मादी आली, चोचीत अळी धरून. बुंध्यापासून वर सरकत सालीच्या फटीशी पोचली. ह्यांनी श्वास रोखला, बोट बटणावर नेलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "हं, आता हलू नका."

ती हललीच नाही. सालीला चिकटली ती चिकटलीच. मी कपाळावर हात मारून घेतला. बटण दाबलं गेलं खरं, पण साहेबांनी तो फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. हे बोट ठेवून दाखवत होते, ही शेपटी, हा डोळा. साहेबांना नुसती साल दिसत होती. खरं सांगायचं तर मलाही.

शेजारचं झाड कोसळलं. मशीन गुरगुरत आमच्या झाडाकडे आलं. तेवढ्यात हे उठले आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले. ज्या माणसाने आयुष्यात कधी रांगेतला नंबरही भांडून घेतला नाही, तो मशीनसमोर उभा. करवतवाल्याने शिव्या हासडत मशीन बंद केलं.

सगळं शांत झालं. मग ह्यांच्या डोक्यावरून, सालीच्या आतून, बारीक चिवचिव ऐकू आली. आई जीव मुठीत धरून गप्प बसलीय, हे भुकेल्या पिल्लांना काय कळणार?

साहेब मान वर करून ऐकत राहिले. मग त्यांनी करवतवाल्याला हाताने मागे जायला सांगितलं. झाड राहणार होतं. मला रडूच आलं.

"फाइलला फोटो लागेलच," साहेब हळूच म्हणाले. "आता समोरच आहे तर काढून टाका."

मादी ह्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होती. आता मलाही दिसली. ह्यांनी वर पाहिलं आणि कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

"आता नको, साहेब. तिच्या तोंडात पिल्लांचा घास आहे. आपण गेल्याशिवाय ती भरवायची नाही."

पानं वाजू न देता साहेबच आधी मागे फिरले.