इशबेलचा न मारलेला फटका

इशबेल,

हे हातात पडल्यावर तू म्हणशील, "मास्तरीणबाई, तुला दुसरा उद्योग नाही का गं?" नाही. क्लबाच्या वार्षिक अंकाला जुन्या विजेत्या बायकांवर चार पानं हवी आहेत. तुझ्याबद्दल लिहायला माझ्याखेरीज कोणी शिल्लक नाही. तेव्हा चष्मा लाव आणि गप्प बसून वाच. चुका नंतर काढ.

नव्या लोकांना तू कोण ते सांगायला हवं. बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत लोखंडी सामानाचं दुकान होतं, त्याच्या काउंटरमागे इशबेल गोवन्स. दणकट बांधा, खडा आवाज. कोणी भलतं कुलूप मागितलं की म्हणायचीस, "ते नको नेऊस. चोर आत येईल आणि तूच बाहेर राहशील." संध्याकाळी दुकानाची फळी लावली की अ‍ॅप्रन काढून थेट समुद्रकाठच्या गोल्फच्या मैदानावर. तिथे पहिल्या होलाच्या बाजूला तेव्हाही लोक कपडे वाळत घालत. तुझा चेंडू एकदा पाद्रीबाईंच्या चादरीत शिरला होता. त्यांनी तो परत दिला, पण चादर पुन्हा धुवायला तुझ्याच अंगावर टाकली.

मी खेळायचे नाही. मला खेळात नाही, खेळणाऱ्यांत रस होता. म्हणून तुझी बॅग ओढायचे आणि बघायचे. वाऱ्याच्या पोटाखालून चेंडू नेणारी तुझ्यासारखी बाई गावात दुसरी नव्हती. तरी बायकांचा चषक तुला मिळत नव्हता, आणि तुला तो एकदा तरी हवा होता. क्लबाच्या भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव हवं होतं. तू हे कोणाला बोलली नाहीस, पण फळ्याजवळून जाताना मान फिरवायचीस ते मला दिसायचं.

मग त्या वर्षी अंतिम सामन्यात तू विनिफ्रेड ऑरसमोर उभी राहिलीस. पोस्टमास्तरची बहीण, उंच, सडपातळ, कायम इस्त्रीतली. दुपारभर तुझा चेंडू होलाच्या जवळ आला की ती म्हणायची, "दिला." म्हणजे तो आत गेला असं धरायचं आणि उचलून पुढे चालायचं. शेवटच्या होलावर तुझा चेंडू तीन फुटांवर होता. गेला की चषक तुझा. विनिफ्रेड काही बोलली नाही. तू वाकलीस, सरळ झालीस, तिच्याकडे पाहिलंस, पुन्हा वाकलीस. चेंडू होलाच्या कडेला घासून पलीकडे गेला. बरोबरी झाली, आणि जास्तीच्या होलावर तू हरलीस.

गाव म्हणालं, विनिफ्रेडने डाव साधला. तू म्हणालीस, "तिच्या तोंडातला शब्द तिचा आहे. द्यायचा की नाही ती बघेल."

"पण वाकलीस तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. वाट बघत होते."

"कशाची?"

"ती 'दिला' म्हणेल त्याची."

हे ऐकल्यावर मला रात्री झोप येईना, इतकं कुतूहल वाटलं. मग दर मंगळवारी तुझ्याबरोबर खेळणाऱ्या बायकांच्या टोळक्याकडे नीट पाहिलं आणि उलगडलं. हिवाळ्यात वारा कानात शिरतो, क्लबात सूप निवत असतं, म्हणून त्या बायका एकमेकींना सगळंच देऊन टाकायच्या. आधी वीतभर, मग हातभर, मग जवळपास दिसेल तेवढं. बाकीच्यांचं काही बिघडत नव्हतं, त्या अंतिम सामन्याला कधी पोचणारच नव्हत्या. पण तू कित्येक वर्षांत शेवटचे तीन फूट स्वतः पार केलेच नव्हतेस. तुझ्या हाताला शब्द ऐकल्यावर सैल पडायची सवय झाली होती. शब्द आला नाही, हात गोंधळला.

मी टोळक्याला सांगितलं, इशबेलला आता कोणी काही द्यायचं नाही.

"आणि सूप थंड झालं तर?" नॅन टलोकने विचारलं.

"गरम कर."

"वा. हिचा चेंडू जाईना म्हणून आमची चूल पेटवायची."

तो हिवाळा तुला फार जड गेला. टोळकं नाकं पुसत उभं राहायचं आणि तू चुकायचीस. मी कुठलंसं वाचून म्हटलं, श्वासावर लक्ष ठेव. तू म्हणालीस, "ठेवलं. आता श्वासही चुकतोय." थंडी सरता सरता मात्र काहीतरी बदललं. तू वर बघेनाशी झालीस. चेंडू जायला लागला. कसं जमलं म्हणून मी पिच्छा पुरवला तेव्हा एकदाच बोललीस. "दुकानात गिऱ्हाईक कुठला स्क्रू हवाय ते आठवत उभं असतं ना, तशी उभी राहते. घाई त्याला. मला काय."

मी म्हटलं, "इथे गिऱ्हाईक कोण?"

"तूच. सारखी विचारत असतेस."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तुम्ही दोघीच. बुधवार होता, दुकानं अर्धा दिवस बंद, सगळं गाव शेवटच्या होलामागच्या भिंतीवर बसलेलं. या वेळी विनिफ्रेडने दिवसभरात तुला काही म्हणजे काही दिलं नव्हतं, वीतभरसुद्धा नाही. आणि तू सगळे घातलेस. शेवटच्या होलापर्यंत बरोबरी. तिथे तिचा चुकला. तुझा राहिला तीन फुटांवर, थोडासा उतार, उजवीकडून.

तू वाकलीस. पटर, ती चेंडू होलात ढकलायची काठी, चेंडूमागे टेकवलास. खांदे स्थिर, मान खाली. मी बॅग धरून उभी होते आणि मला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

विनिफ्रेडने टोपी काढली. "दिला, इशबेल," ती म्हणाली.

भिंतीवर टाळ्या सुरू झाल्या. एकदा दिला की नाकारता येत नाही, सामना तिथेच संपतो. तू थोडा वेळ तशीच वाकलेली राहिलीस. मग चेंडू उचलून खिशात घातलास आणि तिचा हात हातात घेतलास.

नाव लागलं फळ्यावर. रीतसर जिंकलीस, कोणाची हरकत नव्हती. पण बूट सोडताना तू म्हणालीस, "कीव आली तिला माझी."

मी तडक विनिफ्रेडकडे गेले आणि तुझे शब्द तिला ऐकवले. ती कपात सूप घेऊन खिडकीपाशी एकटीच बसली होती.

"कीव कसली? तिचे खांदे बघितलेस का? तो आत जाणारच होता."

"मग जाऊ द्यायचा होतास."

"आणि गेला नसता तर? दुसऱ्यांदा मला ते बघवलं नसतं."

"म्हणजे नक्की काय समजायचं?"

"दोन्ही समज. तू आता वर्गात नाहीस, बाई."

तुला येऊन सांगितलं तर भडकलीस. "दोन्ही असं काही नसतं. एकतर जातो, नाहीतर जात नाही." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. माळी गवत कापून होल दुसरीकडे हलवेल, त्याच्या आत. जागा माझ्या लक्षात आहे. तू फक्त गप्प उभी राहा, जमलं तर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पटर घेऊन माझ्या दारात आलीस. समुद्रावरून दाट धुकं चढलेलं होतं. मी म्हटलं, जरा विरळ होऊ दे, चहा घे. पटर दाराला टेकवून तू बसलीस. ओटकेक खाल्लेस, लोणी कमी लावलंय म्हणालीस. माझ्या बहिणीच्या टोपीवर बोललो, रॉकेलचा टँकर वेळेवर येत नाही त्यावर बोललो. बाहेर धुकं केव्हाच विरलं होतं, खिडकीतून मैदानाचा उतार स्वच्छ दिसत होता. मैदानावर गवत कापायचं यंत्र सुरू झाल्याचं आपण दोघींनी ऐकलं. तू कप पुढे केलास, मी आणखी चहा ओतला.

यंत्र थांबलं तसा तू पटर उचललास आणि दुकान उघडायला गेलीस.